आठ स्पीडचे हिवराळे

प्रल्हाद हिवराळे यांच्या घरातल्या प्रत्येक नटावर पिवळी रेघ होती. गॅसच्या नळीच्या क्लिपवर, न्हाणीघरातल्या नळाखाली, पंख्याच्या दांडीवर, मुलाच्या टेबलाच्या चारही पायांवर. रेघ अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या पत्र्यावर. नट सैल होऊन थोडा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. वाळूजच्या एका कारखान्यात ते सुरुवातीची काही वर्षे जुळणीच्या लाइनवर होते. नट आवळल्यावर मार्करने रेघ मारल्याशिवाय हात काढायचा नाही, ही तिथली शिस्त. नट पुन्हा उघडावा लागला तर जुनी रेघ पुसायची नाही, नवी मारायची. पुसली तर इथे आधी कुणी हात घातला होता हे पुढच्या माणसाला कळणार नाही. हिवराळे लाइनवरून तपासणी विभागात गेले, पण मार्कर खिशातच राहिला. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला पिवळा डाग होता आणि मंगलवहिनींनी तो घालवण्याचा नाद सोडला होता.

सिडकोतल्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहत, मी तळमजल्यावर. मी वर्तमानपत्रात उपसंपादक. ते मला 'संपादक' म्हणत. त्यातला 'उप' ते आदराने गाळत की टोमणा म्हणून, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

त्यांचे काम बाहेरून आलेले सुटे भाग तपासण्याचे. भाग आला की मापायचा, नमुन्याशेजारी ठेवायचा, हिरवी चिठ्ठी किंवा लाल पेटी. पुढे त्या भागांची जुळणी होऊन काय तयार होते, याच्याशी त्यांच्या विभागाचा संबंध नव्हता. ही नजर ते घरीही आणत. भाजीवाल्याकडून मेथीची एक जुडी त्यांनी कधी उचलली नाही. आधी दोन जुड्या शेजारी ठेवायच्या.

"एकट्या वस्तूवरनं काय कळतंय, संपादक? शेजारी दुसरी ठेवा, मग बोला."

हे वाक्य ते घड्याळाबद्दल बोलत, टोमॅटोबद्दल बोलत, पुढाऱ्यांबद्दलही बोलत. फक्त एका ठिकाणी ते वाक्य उच्चारायची गरज पडत नसे, कारण तिथली तुलना अखंड चालूच असे. ते ठिकाण म्हणजे त्यांचे साडू, विलास साळवे.

मंगलवहिनींची धाकटी बहीण रेखा विलासरावांना दिलेली. विलासरावांची नोकरी सरकारी, कमरेत वाकल्याशिवाय आमच्या जिन्याखालून जाता येणार नाही अशी उंची, आणि पन्नाशीतही डोक्यावर पूर्ण केस. हिवराळे उंचीला बेताचे आणि केसांना त्याहून बेताचे. दोन्ही घरांत अंतर दोन गल्ल्यांचे. लासूर स्टेशनच्या सासूबाई धाकट्या जावयाला 'विलासराव' म्हणत आणि थोरल्याला 'मंगलचे मालक'. हिवराळ्यांनी हे मला निदान तीनदा, प्रत्येक वेळी प्रथमच सांगत असल्याच्या सुरात सांगितले आहे.

"नाव घ्यायला काय जातंय? मी थोरला हाय ना?"

विलासराव त्यांना 'दादा' म्हणत आणि स्पर्धा चालू आहे हे माहीत नसल्यासारखे वागत. हिवराळ्यांच्या मते हीच त्यांची सगळ्यात मोठी लबाडी होती.

डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचे सांगून रोज काहीतरी दमणूक करायला सांगितली, तेव्हा हिवराळ्यांनी सायकल घ्यायचे ठरवले. हायब्रीडच घ्यायची, यावर ते पहिल्याच दिवशी आले. "रेसरचं चाक जालना रोडच्या खड्ड्यात बसंल, आन डोंगराची सायकल घाटात ओढत न्यावी लागंल. ही मधली बरी." मग पुढचे दोन महिने त्यांनी सुरुवातीच्या किमतीतल्या हायब्रीड सायकली तपासल्या. मी एकदा सोबत होतो. पैठण गेटजवळच्या दुकानात त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, एका सायकलीचे मागचे चाक उचलून कानाशी नेले आणि डोळे मिटून फिरवले.

"फ्रीव्हील," ते म्हणाले. "दात्यांचा गोळा आटे मारून चढवलेला. ओझं पडलं की आस वाकतो. आपल्याला कॅसेट पायजे, दाते सरकवून बसवलेली." मग दुसरी सायकल. "ही कॅसेटची, आठ दात्यांची. पण ब्रेक तारेचे. तार ताणली की संपलं." मग तिसरी. "हिला तेलाचे ब्रेक हायेत, पण पुढं झटके खाणारा फोर्क. शहरात काय करायचा? दोन किलो फुकट वागवा."

दुकानदार गल्ल्यावर बसून हे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "साहब, सायकल लेरे के रिश्ता जोडरे? लडकीवाले भी इत्ते सवालां नई करते."

"लडकी वापस कर सकते क्या?" हिवराळे म्हणाले. "सायकल भी नहीं कर सकते. इसलिए."

अखेर आठ दात्यांची कॅसेट, तारेचे पण चकतीचे ब्रेक आणि साधा फोर्क अशी एक मध्यम मापाची सायकल त्यांनी मनाशी पक्की केली. येत्या रविवारी आणायची ठरली. शनिवारी संध्याकाळी विलासराव मोरपंखी रंगाची हायब्रीड घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"दादा, तुमचं बघून मीपण घेतली. रेखाला रंग आवडला. अर्ध्या तासात काम झालं."

अर्धा तास हा शब्द हिवराळ्यांना लागला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. तरी त्यांनी सायकलीभोवती फेरी घातली, खाली बसले, मागचे चाक उचलून फिरवले. चेहरा उजळला. "फ्रीव्हील हाय विलासराव. सातच स्पीडची. विचारायचं तरी मला." मग त्यांचा हात ब्रेकच्या मुठीवर गेला. त्यांनी ती एका बोटाने दाबली, सोडली, पुन्हा दाबली. तेलाचे ब्रेक होते.

"ब्रेक बरे हायेत का दादा?" विलासरावांनी विचारले.

"ठीक हायेत," हिवराळे म्हणाले आणि चहा न घेता वर गेले.

रविवारी ते दुकानात गेले ते पक्के केलेली सायकल आणायला नव्हे. त्यांना आता अशी हवी होती की जिचा एकही भाग साडूच्या सायकलीपेक्षा खालचा नसेल. अशी एक होती: आठ दात्यांची कॅसेट, तेलाचे ब्रेक, पॅडलच्या आसाला बंद बेअरिंग, वजनाला हलकी. काळी, लाल पट्ट्यांची. मात्र ती मोठ्या मापातच शिल्लक होती. दुकानदाराने बजावले, "आपके लिए बडी हुंगी साहब. अगले महिने बीच वाली आती." पण चार दिवसांवर वैशाख पौर्णिमा होती. दोन्ही जावयांनी सायकलवरून लासूरला यायचे, असे बायकांनी फोनवर ठरवून टाकले होते.

हिवराळ्यांनी सीट पार खाली करून घेतली, बोल्टवर पिवळी रेघ मारली आणि सायकल घरी आणली. उतरताना त्यांना एका बाजूला झुकून अंगठ्याचे टोक जमिनीला लावावे लागले. मी मापाबद्दल विचारले.

"माप पार्टात येत नाय, संपादक," ते म्हणाले. "ते जुळणीवाल्यांचं काम. हिचा एकेक पार्ट ओके हाय. आणा विलासरावाची, शेजारी ठेवा."

लासूरच्या प्रवासाचे तीन वृत्तांत माझ्याकडे आले आहेत. हिवराळ्यांच्या म्हणण्यानुसार ते आधी पोचले. विलासरावांच्या म्हणण्यानुसार माळीवाड्याच्या पुढे त्यांनी दादांना पुढे जाऊ दिले. बहिणी आदल्या दिवशीच रेल्वेने गेल्या होत्या आणि दारातच उभ्या होत्या. मंगलवहिनींचे म्हणणे असे: "कोण आधी न् कोण मागं? दोघं जोडीनंच आले. एकानं मान धरलेली, एकानं गुडघा."

मान हिवराळ्यांची. मोठ्या सायकलीचा दांडा लांब पडत असल्यामुळे ते वाटभर हात ताणून, पुढे ओढल्यासारखे बसले होते. बोटांना मुंग्या आल्या होत्या. गुडघा विलासरावांचा. त्यांची सायकल मध्यम मापाची, आणि त्यांनी सीट वर ओढून ओढून दांड्यावरच्या शेवटच्या खुणेपर्यंत नेली होती. तरी त्यांचे गुडघे मुठींना लागत.

वंदना झाली, खीर वाढायला घेतली. मंगलवहिनी ओट्यावरून अंगणातल्या दोन्ही सायकलींकडे बघत म्हणाल्या, "एकमेकांचे शर्ट घालून आल्यासारखे दिसायलात तुम्ही दोघं."

घर हसले. विलासरावही हसले आणि म्हणाले, "व्हय की. दादा, बदलून बघायची का? जाताना तुम्ही माझी घ्या."

सासूबाई हातात खिरीची पळी घेऊन उभ्या होत्या. सासरे, मेव्हणा, दोन्ही बहिणी, सगळे हिवराळ्यांकडे बघत होते. या सगळ्यांदेखत दिलेले उत्तर त्यांना पुढे कित्येक महिने मागे घेता आले नाही.

"सात स्पीडची?" हिवराळे म्हणाले. "नको. तुमची तुम्हाला लखलाभ."

सासूबाईंनी पळी पुढे केली, थोरल्या जावयाची साखर आठवून मागे घेतली आणि ती विलासरावांच्या वाटीत रिकामी केली. "खीरसुद्धा त्याला दोनदा," हे वाक्य मला दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळाले. येताना हिवराळे सायकलीसह मेव्हण्याच्या जीपमधून आले. चेन तपासायची होती, असे कारण इमारतीत सांगण्यात आले.

सायकल चुकली आहे, हे त्यांना कळले होते का? मला वाटते, लासूरच्या वाटेवरच कळले होते. पण ते मान्य करायचे तर साडूच्या अर्ध्या तासाशेजारी आपले दोन महिने ठेवावे लागले असते. म्हणून त्यांनी त्यांना येत होता तो मार्ग धरला. एकेक भाग बदलायला सुरुवात केली. आधी मुठींवरची रबरे, मग सीट, मग दांड्याचा आखूड जोड. प्रत्येक नव्या बोल्टवर पिवळी रेघ. सायकल सजवल्यासारखी दिसू लागली, लहान मात्र झाली नाही. रोज सकाळी ते फाटकाशी येत, झुकून अंगठा टेकत, उतरत आणि हात झटकत उभे राहत. वरून मंगलवहिनी म्हणत, "अहो, विलासरावांची घ्या की. ते बिचारे कवाच तयार हायेत."

"त्यो तयार हाय म्हणूनच नको," हिवराळे खालून म्हणत.

एकदा त्यांनी मला विचारले, "संपादक, तुम्हाला साडू नाय ना?" मी नाही म्हणालो. "सुखी आहात," ते म्हणाले. त्या वेळी मी मान डोलावली. पण माझ्याकडे काय आहे याची दोन गल्ल्यांपलीकडे कुणी इतक्या बारकाईने नोंद ठेवत नाही, हा विचार नंतर काही दिवस मनात राहिला, आणि तो फारसा सुखाचा नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात विलासराव आणि रेखाताई मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेले. जाताना मोरपंखी सायकल आमच्या जिन्याखाली लावून गेले. "उभी राहून टायर बसतील दादा. हवा तेवढी मारत जा."

"मारू," हिवराळे म्हणाले.

त्यानंतर एका सकाळी मी कार्यालयाच्या गाडीतून खुलताबादला निघालो होतो. शरणापूर मागे पडल्यावर पुढे एक सायकलवाला दिसला. सायकल मोरपंखी होती. माणूस ताठ बसला होता, कोपर सैल, मान सरळ, पाय एका लयीत. इतका आरामात सायकल चालवणारा माणूस मी त्या रस्त्यावर क्वचित पाहिला असेल. गाडी जवळून गेली तेव्हा तो गुणगुणत होता. मग त्याने मला पाहिले आणि त्याचे गुणगुणणे थांबले.

चहाच्या टपरीशी मी गाडी थांबवली. हिवराळे आले, उतरले. या वेळी दोन्ही पाय पूर्ण टेकून.

"ब्रेक चेक करायलोय," मी न विचारताच ते म्हणाले. "पॅड घासायलंय जरा."

"इतक्या लांब येऊन?"

"ब्रेक गावात कळत नाय. घाट लागतो." मग त्यांनी सीटवरून हात फिरवला आणि कपाळाला आठी घातली. "सात स्पीडची हाय हो. पण पळती भाडखाव."

या भेटीबद्दल मी इमारतीत कुणाला काही सांगितले नाही. सांगायची गरजही पडली नाही.

विलासराव परतले, सायकल घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सायकल हाताने चालवत माझ्या दाराशी आले. वर न जाता मला बाहेर बोलावले.

"हे बघा, साहेब."

सीटच्या दांड्यावर, पकडीच्या बोल्टाशी पिवळी रेघ होती. सीट विलासरावांच्या मापावर, पार वर, जशी त्यांनी ठेवली होती तशी. पण त्याच दांड्यावर वीतभर वर आणखी एक रेघ होती, अर्धी. तिचा दुसरा अर्धा भाग खाली पकडीवर, नव्या रेघेच्या शेजारी एकटाच राहिला होता. विलासरावांनी बोल्ट सैल केला आणि सीट हळूहळू खाली दाबली. वरची अर्धी रेघ खालच्या अर्ध्या रेघेला येऊन मिळाली. सीट हिवराळ्यांच्या कमरेच्या उंचीला होती.

परत करताना हिवराळ्यांनी सीट वर केली होती, बोल्ट आवळला होता, नवी रेघ मारली होती. जुनी पुसली नव्हती. त्यांच्या हाताला ते येतच नव्हते.

"महिनाभर इथं बसत व्हते दादा," विलासराव म्हणाले. मला ते हसतील असे वाटले होते, पण ते सीटकडे बघत राहिले. "आमच्या घरी काय चालतं म्हायतंय का तुम्हाला? पंखा कुरकुरला की रेखा म्हणती, मंगलताईचा पंखा दादांनी कसा आवळलाय, बघून या. नळ गळला की तेच. मी शिडी न लावता पंख्याला हात लावतो, पण आवळता येत नाय मला. लई जळायचो मी त्यांच्यावर. ही सायकलपण त्यांचं बघूनच घेतली. न्हायतर मला काय करायची व्हती?"

हिवराळ्यांना हे सांगा, असे मी सुचवले.

"नको," विलासराव म्हणाले. "सांगितलं तर कधीच घेणार नायत."

त्या रविवारी ते मोरपंखी सायकल घेऊन आले ते सीट खाली करूनच. दोन अर्ध्या रेघा नीट जुळवलेल्या. स्वतः त्या सीटवर बसणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून दोन गल्ल्या चालत आणलेली.

"दादा, गुडघा लई धरलाय. आजच्या दिवस मोठी देता का?"

हिवराळे जिन्यात उभे होते. त्यांची नजर सीटवर गेली, मग रेघेवर, मग विलासरावांच्या चेहऱ्यावर. तिथे काहीच सापडले नाही. मार्करच्या खिशाशी गेलेला हात त्यांनी खाली घेतला.

"न्या," ते म्हणाले. "पण गिअर हळू टाका. आठ हायेत."

आजचा दिवस दोन वर्षे चालला. दर रविवारी संध्याकाळी विलासराव येत, काळी सायकल परत देऊ करत. हिवराळे म्हणत, "गुडघा कसाय?" विलासराव म्हणत, "हाय तसाच." मग हिवराळे म्हणत, "मग ऱ्हाऊ द्या अजून." अदलाबदल झाली असे दोन्ही घरांत कुणी कधी म्हटले नाही. रक्तातली साखर उतरली. हिवराळे मात्र रोज सकाळी मोरपंखी सायकलवरून ताठ मानेने येत आणि मला सांगत, "फ्रीव्हील हाय. तात्पुरती चालवायलोय."

निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे पुण्याला निघाले. सकाळी टेम्पो लागला. सामान चढले. सगळ्यात वर मोरपंखी सायकल, दोरीने बांधलेली. हिवराळे चाकावर पाय देऊन चढले, गाठ ओढून पाहिली, मार्कर काढला आणि गाठीवरून दोरीच्या दुसऱ्या पदरावर रेघ मारली. मग खाली उतरून माझ्याजवळ आले. निरोपाचे काहीतरी बोलतील असे वाटले.

विलासराव काळ्या सायकलीवर एक पाय सहज टेकून उभे होते. त्या उंचीच्या माणसाखाली ती सायकल मापून केल्यासारखी दिसत होती. हिवराळे बराच वेळ तिकडे बघत होते.

"कॅसेट, तेलाचे ब्रेक, बंद बेअरिंग," ते हलक्या आवाजात म्हणाले. "सगळं त्याला गेलं, संपादक."

मंगलवहिनींनी हाक मारली. ते पुढच्या सीटवर बसले. टेम्पो हलला तसे विलासराव सोबत निघाले, गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला. तिथे मोठ्या रस्त्याला लागताना चढ आहे. टेम्पोच्या खिडकीतून पिवळ्या डागाचा खिसा, मग पूर्ण हिवराळे बाहेर आले.

"विलासराव, मागचा मोठा दाता टाका! चढ हाय!"

विलासरावांनी अंगठ्याने खटका दाबला. चेन आवाज न करता वर चढली आणि सायकल टेम्पोच्या बरोबरीने, जराही जोर न लावता, चढ चढू लागली. हिवराळ्यांनी ते पाहिले आणि काच वर केली.